सोलापूरच्या माळावरचे आग्या मोहोळ

सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माळ उघडा आणि मोठी झाडे तुरळक. त्यामुळे विहिरीकाठचा वड, ओढ्यालगतचा उंबर किंवा देवळामागचा पिंपळ यांवर दोघांची वहिवाट चालत आली आहे: खाली सावलीला टेकणारा माणूस आणि वर आग्या माशीचे मोहोळ.

रानात डसणाऱ्या माश्यांपैकी फुलोरी, सातेरी, आग्या आणि गांधीलमाशी या शेतकऱ्याच्या नित्याच्या ओळखीच्या. फुलोरी झुडपात तळहाताएवढे पोळे बांधते आणि सहसा कोणाच्या वाटेला जात नाही. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते. आग्याचे पोळे एकच, उघडे, कधीकधी मीटरभर रुंद. त्यावर हजारो माश्या एकमेकींना बिलगून बसलेल्या असतात. गांधीलमाशी पुन्हा पुन्हा डसू शकते. मधमाशीचा काटा मात्र आकड्यांमुळे कातडीत रुततो आणि विषाच्या पिशवीसह तिथेच तुटून राहतो. त्यातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या माश्या धावून येतात. एका दंशामागोमाग दहा दंश होतात ते यामुळे.

मधाचा लोभ आणि माशीची भीती दोन्ही जुनी आहेत. पचमढीच्या डोंगरातील शैलचित्रांत शिडीवर चढून मध काढणारी माणसे दिसतात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत, तर कल्पस्थानात माश्यांच्या सहा जाती. या माश्या चावल्यावर खाज, सूज, आग आणि ठणका होतो, आणि त्यांतल्या काषायी व स्थालिका या दोन जाती जीवघेण्या आहेत, असे तिथे नोंदवले आहे.

मोहोळ झाडण्याची रीत गेल्या शतकापर्यंत फारशी बदलली नाही. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडायची, कारण आग्या चांदण्यातही उडते. अंगाला घोंगडे लपेटायचे आणि ओल्या-सुक्या गवताची चूड पेटवून पोळ्याखाली धरायची. चूड झटकली की ठिणग्या खाली पडतात आणि चवताळलेल्या माश्या त्या उजेडामागे जमिनीकडे झेपावतात. तेवढ्यात अख्खे पोळे कापून घ्यायचे आणि अंडी-अळ्यांसकट पिळायचे. मध मिळे, पण वसाहत संपे.

धुराचा परिणाम दुहेरी असतो. थंड, बेताचा धूर माशीला धोक्याचा वास कळू देत नाही. शिवाय ती पोटभर मध पिऊन घेते आणि मंदावते. दाट, गरम धूर खालून अचानक उठला, तर तीच माशी पोळे सोडून अंगावर येते. हुरड्याच्या, म्हणजे ज्वारीची कोवळी कणसे भाजून खाण्याच्या, दिवसांत नेमके हेच घडते. जिल्ह्यातील मोहोळ या गावच्या संशोधन केंद्रावर निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ ज्वारी दख्खनभर पसरली. हुरड्याला मात्र सुरती, गूळभेंडी अशा गोड वाणांचा मान. हिवाळ्यात शेतातच खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, कणसे भाजतात आणि हातावर चोळून शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खातात. ज्वारीच्या कडेने पेरलेली करडईही याच सुमारास फुलू लागते आणि तिच्यावर आग्या येते. म्हणून आगटी पेटवण्याआधी वर पाहून घेणे आणि मोहोळाचे झाड टाळणे ही शेतकऱ्यांची खबरदारी. घरच्या चार माणसांचा हुरडा पुढे पाहुण्यांच्या सहलींचा झाला, तसा हा दंडक नवख्यांना आवर्जून सांगावा लागू लागला.

मध काढण्याच्या पद्धतीत बदल झाला तो पेटीमुळे. अमेरिकेत लँगस्ट्रॉथने १८५१ मध्ये पोळ्याच्या चौकटींमधले योग्य अंतर ओळखले आणि सुट्या चौकटींची पेटी बनवली. तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सातेरीला मानवेल अशी लहान पेटी तयार केली. महाराष्ट्रात महाबळेश्वर हे या उद्योगाचे ठाणे झाले आणि १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. आग्या मात्र पेटीत नांदत नाही. तिचा मध फांदीलगतच्या वरच्या भागात साठलेला असतो. म्हणून संरक्षक पोशाख घालून तेवढाच भाग कापायचा आणि अळ्यांचे पोळे राखायचे, ही पद्धत शिकवली जाऊ लागली.

दंशावरचे घरगुती उपाय चुना, हळद आणि लोखंड घासणे असे होते. वैद्यकाची समज विसाव्या शतकात पालटली. १९०२ मध्ये शार्ल रिशे व पॉल पोर्तिए यांनी तीव्र ॲलर्जीच्या प्रतिक्रियेचे, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसचे, वर्णन केले. रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले. ज्याला ही प्रतिक्रिया येते, त्याला एक दंशही पुरतो. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचवते. शेकडो दंश झाले तर विषानेच मूत्रपिंड निकामी होऊ शकते. काटा चिमटीने काढू नये, खरवडूनच काढावा, असे पूर्वी सांगत. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या प्रयोगाने दाखवले, की पद्धतीपेक्षा झटपट काढणे महत्त्वाचे. हल्ला झाल्यास हात झाडत उभे न राहता तोंड झाकून बंद खोली किंवा गाडी गाठावी. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, कारण माश्या वर घिरट्या घालत राहतात.

अलीकडे सोलापुरात माशीकडे पाहण्याची दृष्टी पिकांमुळे बदलत आहे. २००५ मध्ये इथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले आणि २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. डाळिंबाची फळधारणा मधमाशीने सुधारते, म्हणून बागायतदार बहराच्या काळात बागेत पेट्या ठेवतात आणि फवारणी माश्या परतल्यावर, संध्याकाळी करतात. आग्याही याच फुलांवर येते. त्यामुळे पाण्याच्या टाकीवरचे किंवा बांधावरचे मोहोळ जाळून टाकणे आता नुकसानीचे ठरते. वर्दळीच्या जागेवरचे मोहोळ जाणकाराकडून हलवून घ्यावे आणि बाकीचे फुलोरा संपून माश्या स्थलांतर करेपर्यंत तसेच राहू द्यावे, हा व्यवहार त्यातून पुढे आला आहे.