‘पुस्तक नाही’ म्हणण्याआधी: संयुक्त तालिकेत पुस्तक कसं शोधतात?

समजा, वसई पश्चिमेला होळी परिसरात राहणारी एखादी विद्यार्थिनी जवळच्या वाचनालयात गेली आणि तिने ‘ओॲसिसच्या शोधात’ हे पुस्तक मागितलं. लेखक वसईचेच, दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० साली उस्मानाबादला झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. काउंटरवरच्या सहायकाने संगणकावर नाव टाइप केलं. निकाल शून्य. ‘पुस्तक नाही,’ असं उत्तर मिळालं आणि ती परत गेली.

पुस्तक मात्र कपाटात असू शकतं. पुस्तकाची नोंद एका पद्धतीने झाली आणि शोध दुसऱ्या पद्धतीने घेतला गेला, की असं होतं. म्हणूनच ग्रंथालय सहायकांना ‘शोध घेण्याचं’ वेगळं प्रशिक्षण द्यावं लागतं.

संयुक्त तालिका म्हणजे काय?

ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या नोंदींना तालिका म्हणतात. पूर्वी ती लाकडी खणांमधल्या कार्डांवर असायची. अनेक ग्रंथालयांच्या नोंदी एकाच ठिकाणी आल्या, की ती संयुक्त तालिका होते. एका ग्रंथालयाने पुस्तकाची नोंद केली, की बाकीच्यांनी ती पुन्हा टाइप न करता वापरायची, एवढं साधं हे तत्त्व आहे. कोणतं पुस्तक कुठे आहे, हेही त्यातून कळतं.

जगातली सर्वात मोठी संयुक्त तालिका म्हणजे ‘वर्ल्डकॅट’. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांनी १९६७ मध्ये एकत्र येऊन ‘ओसीएलसी’ ही संस्था काढली आणि १९७१ मध्ये तिची ऑनलाइन तालिका सुरू झाली. भारतात विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ने ‘इंडकॅट’ ही संयुक्त तालिका उभी केली. ग्रंथालयांच्या रोजच्या कामासाठी एनआयसीचं ‘ई-ग्रंथालय’ आणि न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं, मोफत मिणारं ‘कोहा’ ही सॉफ्टवेअर वापरली जातात. दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद आपल्याकडे ओढून घेण्याची सोय ‘कोहा’मध्ये असते.

मराठीला ही कल्पना नवी नाही. संगणक येण्याच्या कितीतरी आधी शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी ग्रंथांची सूची केली. पुढच्या खंडात ती १९५० पर्यंत आली.

मराठी पुस्तकं शोधताना अडतं कुठे?

*एक अक्षर, दोन रूपं:* ‘ॲ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवलं जातं. एका प्रकारात ते एकच अक्षर असतं, दुसऱ्यात ‘अ’वर वेगळा चंद्र दिलेला असतो. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण सॉफ्टवेअरने दोन्हींची सांगड घातलेली नसेल तर शोध फसतो. ‘ओॲसिस’चं नेमकं हेच होऊ शकतं. ‘किनाऱ्यावर’मधल्या ‘ऱ्या’चीही तीच गत.

*लेखनाचे पर्याय:* फ्रान्सिस की फ्रांसिस? दिब्रिटो की डिब्रिटो? रोमन लिपीत नोंद असेल तर आणखी वेगळं स्पेलिंग.

*टोपणनावं:* ‘विशाखा’ कुसुमाग्रजांच्या नावावर आहे आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांच्या. माणूस एकच. दोन्ही नावं तालिकेत एकमेकांना जोडलेली नसतील, तर वाचकाला अर्धीच पुस्तकं दिसतात.

*आद्याक्षरं:* ‘पु. ल.’, ‘पु.ल.’ आणि ‘पुरुषोत्तम लक्ष्मण’. टिंब आणि मोकळी जागा यांचाही फरक पडतो.

*जुने फाँट:* युनिकोडच्या आधी नोंदी वेगळ्या सांकेतिक पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप होत. त्या रूपांतरित केल्या नाहीत, तर आज देवनागरीत शोधून सापडत नाहीत.

प्रशिक्षणात काय शिकवायला हवं?

१. आधी आयएसबीएन. पुस्तकाच्या मागे छापलेला हा क्रमांक शोधाची सर्वात खात्रीची किल्ली. २००७ पासून तो तेरा अंकी आहे. जुन्या दहा अंकी क्रमांकाला नुसतं ९७८ जोडून चालत नाही, कारण शेवटचा तपासणी अंक पुन्हा काढावा लागतो. फार जुन्या पुस्तकांवर मात्र हा क्रमांक नसतोच.

२. कमी शब्द टाका. पूर्ण शीर्षक टाइप केलं की चुकीला जास्त जागा. लेखकाचं आडनाव आणि शीर्षकातला एकच ठळक शब्द पुरतो. ‘ओॲसिस’ अडत असेल तर ‘शोधात’ आणि ‘दिब्रिटो’ टाका.

३. पर्याय बदलून पाहा. अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, टोपणनाव, रोमन लिपी, असं सगळं एकेक करून. एकदा शून्य निकाल आला म्हणजे पुस्तक नाही, असं होत नाही.

४. सापडलेली नोंद ताडून पाहा. शीर्षक जुळलं म्हणजे काम झालं नाही. हातातल्या पुस्तकाची आवृत्ती, वर्ष, प्रकाशक आणि पृष्ठसंख्या नोंदीशी जुळते का? मूळ पुस्तक आणि त्याचा अनुवाद यांत गल्लत तर नाही ना?

५. नवी नोंद सर्वात शेवटी. सगळे प्रयत्न संपल्यावरच. घाईने केलेल्या नव्या नोंदीमुळे एकाच पुस्तकाच्या तीन-चार नोंदी तयार होतात आणि पुढचा प्रत्येक शोध अवघड होतो. तालिका सगळ्यांची असल्याने एका टेबलावरची चूक प्रत्येक सहभागी ग्रंथालयात दिसते.

याने सामान्य वाचकाला काय फरक पडतो?

१९६७ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना शासकीय अनुदान मिळतं. त्यातल्या छोट्या वाचनालयांकडे माणसं मोजकी. तिथे देवघेव, वर्गणी आणि तालिका ही तिन्ही कामं बऱ्याचदा एकच व्यक्ती सांभाळते. तिला शोध नीट घेता आला नाही, तर असलेलं पुस्तक पुन्हा विकत घेतलं जातं आणि आधीच तुटपुंजा निधी वाया जातो. शोध नीट घेता आला, तर आपल्याकडे नसलेलं पुस्तक जवळच्या कोणत्या ग्रंथालयात आहे, हेही ती सांगू शकते.

ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं सूत्र सांगतं: वाचकाचा वेळ वाचवा.

पुढच्या वेळी वाचनालयात गेलात तर?

पुस्तकाचं नाव अर्धवट आठवत असेल तरी लेखकाचं आडनाव सांगा. टोपणनाव माहीत असेल तर तेही सांगा. ‘नाही’ असं उत्तर आलं, तर एवढंच विचारा: ‘दुसऱ्या पद्धतीने लिहून एकदा बघता का?’