हा डाग जाईल का? : हिरोशिमाच्या पंचवीसजणींची गोष्ट

भाजल्याचा जुना डाग घेऊन कुणी डॉक्टरकडे जातं, तेव्हा प्रश्न बहुधा एकच असतो : ‘हा जाईल का?’ अंगावर उकळतं दूध सांडलेलं असतं किंवा स्टोव्हचा भडका उडालेला असतो, आणि त्याला दहा-वीस वर्षं होऊन गेलेली असतात. जखम कधीच भरलेली असते, दुखत नसते. तरीही लग्नाच्या बोलण्यांत पहिली नजर तिथेच जाते. या प्रश्नाचं खरं उत्तर काय, हे समजून घ्यायला १९५५ साली हिरोशिमाहून न्यूयॉर्कला गेलेल्या पंचवीसजणींची गोष्ट उपयोगी पडते.

६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी हिरोशिमात शाळकरी मुलामुलींना कामाला जुंपलेलं होतं. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे केले जात होते आणि ढिगारे उपसायचं काम मुलांकडे होतं. सव्वाआठला बॉम्ब पडला तेव्हा ती उघड्यावरच होती. ज्या वाचल्या त्यांतल्या कितीतरी मुलींचे चेहरे, मानेचा भाग आणि हात होरपळले. जखमा भरताना कातडी ओढली गेली. कुणाची हनुवटी गळ्याकडे खेचली गेली, कुणाच्या पापण्या मिटेनात, कुणाच्या हाताची बोटं वाकून एकमेकांना चिकटली.

असं का होतं? खोलवर भाजलेली जखम भरताना शरीर तिथे कोलॅजनचे जाड धागे घाईघाईने विणतं, आणि ते धागे आकसतात. त्यातून वर आलेला, लालसर, घट्ट व्रण तयार होतो. तो मूळ जखमेच्या हद्दीत राहिला तर त्याला हायपरट्रॉफिक व्रण म्हणतात. हद्द ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर पसरला तर केलॉइड. हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलिबेर या फ्रेंच डॉक्टरने रूढ केला. पसरणाऱ्या व्रणात त्याला खेकड्याच्या नांग्या दिसल्या होत्या. हिरोशिमात मात्र दोन्ही प्रकारांना सरसकट ‘केलॉइड’च म्हटलं गेलं आणि हा वैद्यकीय शब्द घराघरांत पोहोचला. पोरींना रस्त्यावर ऐकू यायचा तोही हाच.

घरात कोंडून घेतलेल्या अशा काही मुलींना कियोशी तानिमोतो या पाद्र्याने आपल्या चर्चमध्ये एकत्र आणलं. जॉन हर्सीच्या ‘हिरोशिमा’ या पुस्तकातल्या सहाजणांपैकी हा एक. तोवर काहीजणींवर जपानमध्ये शस्त्रक्रिया झाल्याही होत्या, पण फारसा गुण आला नव्हता. अमेरिकेने १९४७ पासून हिरोशिमात एक आयोग चालवला होता. तो या माणसांची तपासणी करी, नोंदी ठेवी. उपचार करणं मात्र त्याच्या धोरणात नव्हतं. अखेर ‘सॅटर्डे रिव्ह्यू’चे संपादक नॉर्मन कझिन्स यांनी पुढाकार घेतला. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयाने खाटा फुकट दिल्या, आर्थर बार्स्की आणि त्यांच्या सहकारी सर्जनांनी पैसे घेतले नाहीत, क्वेकर पंथाच्या कुटुंबांनी मुलींना आपल्या घरी ठेवून घेतलं. अनेकींना तपासून पंचवीसजणी निवडल्या गेल्या. ज्यांना शस्त्रक्रियेचा उपयोग होईल असं डॉक्टरांना वाटलं, त्या. बाकीच्या मागे राहिल्या.

११ मे १९५५ ला अमेरिकन टीव्हीवर तानिमोतो यांच्यावर एक कार्यक्रम झाला. बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचा सहवैमानिक रॉबर्ट लुईस याला तिथे त्यांच्यासमोर आणून उभं केलं गेलं. दोन मुलीही होत्या, पण पडद्याआड. प्रेक्षकांना फक्त सावल्या दिसल्या.

दहा वर्षांच्या जुन्या व्रणावर डॉक्टर तेव्हा काय करू शकत होते? काळाने त्यांना एक मदत केली होती. पहिल्या एक-दोन वर्षांत फुगलेले बरेचसे व्रण नंतर निवळले होते. ताजा, लाल व्रण कापला तर तो पुन्हा तसाच उसळण्याची भीती असते; म्हणून कापाकापीची घाई नसेल तर वर्षभर तरी थांबावं, हे आजही सांगितलं जातं. पुढचा मार्ग म्हणजे आकसलेला पट्टा कापून सांधा मोकळा करायचा आणि उघड्या पडलेल्या जागी मांडीची किंवा पोटाची कातडी लावायची. त्यासाठी ठरावीक जाडीचा पातळ पापुद्रा काढणारं डर्माटोम हे यंत्र १९३९ पासून उपलब्ध होतं. पापुद्रा जितका पातळ तितका तो नंतर अधिक आकसतो, म्हणून खालच्या पापणीसारख्या ठिकाणी पूर्ण जाडीची कातडी लागते. व्रणाचा पट्टा अरुंद असेल तर ‘झेड-प्लास्टी’ करतात. इंग्रजी झेडसारखा छेद घेऊन दोन त्रिकोणी तुकड्यांची अदलाबदल करायची. बाजूची सैल कातडी मध्ये येते आणि पट्ट्याची लांबी वाढते. साठ अंशांचे कोन घेतले तर हिशेबाने पाऊणपट. यातलं काहीही व्रण पुसून टाकत नाही. एका वाईट व्रणाच्या जागी त्यातल्या त्यात बरा, योग्य दिशेचा व्रण येतो, एवढंच.

वर्ष-दीड वर्षात सव्वाशेहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. बोटं सुटी झाली, कोपर सरळ झाले, माना वळू लागल्या. चेहऱ्यांमध्ये पडलेला फरक त्या मानाने थोडा होता. आणि मे १९५६ मध्ये, किरकोळ मानलेल्या एका शस्त्रक्रियेदरम्यान हृदय बंद पडून एकजण दगावली. बॉम्बमधून वाचलेली मुलगी व्रणाच्या उपचारात गेली. जुन्या व्रणाच्या उपचाराचा हिशेब मांडताना ही नोंद वगळता येत नाही. जिवाला धोका नसलेल्या गोष्टीसाठी जिवाचा धोका पत्करायचा का, हे शेवटी ज्याच्या अंगावर तो व्रण आहे त्यानेच ठरवायचं असतं.

त्यानंतर साधनं वाढली. व्रणात स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन तो सपाट करता येऊ लागला. टेक्सासातल्या गॅल्व्हेस्टनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात दिवसाचे तेवीस तास घालायचे घट्ट दाबाचे कपडे रूढ केले. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातून सिलिकॉनच्या जेलपट्ट्या आल्या. पण दाब आणि सिलिकॉन यांचा जोर कोवळ्या व्रणावर अधिक चालतो. जुन्यासाठी कातडीखाली फुगा ठेवून तो महिनोन्‌महिने फुगवत शेजारची कातडी वाढवून घेण्याची पद्धत आली. आणि अलीकडच्या वीस वर्षांत व्रणात असंख्य सूक्ष्म छिद्रं पाडून तो मऊ करणारा फ्रॅक्शनल लेझर. जुना व्रण मऊ होतो, फिका होतो, सांधा सुटतो. नाहीसा मात्र होत नाही.

मग त्या पंचवीसजणींना काय मिळालं? त्यांच्यातल्या शिगेको सासामोरी हल्ल्याच्या वेळी तेरा वर्षांच्या होत्या. कझिन्स यांनी पुढे त्यांना मुलगीच मानलं. त्या अमेरिकेत राहिल्या, रुग्णसेवेचं काम केलं, मुलगा वाढवला. आणि नंतरची अनेक दशकं त्या शाळांमध्ये, सभांमध्ये उभ्या राहून अण्वस्त्रांविरुद्ध बोलत राहिल्या. चेहऱ्यावर, हातांवर व्रण होतेच. मधे पडदा मात्र नव्हता.