टेबलाखालचे खोके आणि केसरबाईंची भैरवी

१९७७ साल. न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाचे विजेच्या उपकरणांचे दुकान होते. दुकानात एका टेबलाखाली तपकिरी खोके पडलेले होते आणि त्यात एकाच ध्वनिमुद्रिकेच्या तीन न उघडलेल्या प्रती होत्या. अनेक ठिकाणी दूरध्वनी करून थकलेल्या अ‍ॅन ड्रुयन यांना त्या अखेर तेथे सापडल्या. त्यांतील साडेतीन मिनिटांचे एक गाणे पुढे सूर्यमालेबाहेर गेले. त्या साडेतीन मिनिटांमागच्या इतिहासाचा हा धागा.

गाणे होते भैरवीतले, ‘जात कहाँ हो’. गायिका सूरश्री केसरबाई केरकर. गोव्याच्या फोंडा तालुक्यातील केरी गावच्या. जन्म १८९२.

‘व्हॉयेजर’ यानांबरोबर पाठवायच्या सुवर्णमुलामा दिलेल्या तबकडीसाठी कार्ल सेगन यांची छोटी समिती त्या वेळी संगीत निवडत होती. पृथ्वीवरील साऱ्या संगीताला मिळून जागा होती सुमारे दीड तासाची. भारतासाठी काय घ्यावे, असे विचारल्यावर रॉबर्ट ब्राउन यांनी आपल्या यादीत या गाण्याला सर्वांत वरचे स्थान दिले. ब्राउन हे अमेरिकी संगीतशास्त्रज्ञ. मद्रासकडील मृदंगवादन हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. म्हणजे त्यांची तालीम कर्नाटक संगीतातली. तरीही त्यांनी नाव सुचवले ते जयपूर-अत्रौली घराण्याच्या एका गायिकेचे. अडचण एकच होती. ती मुद्रिका बाजारातून नाहीशी झालेली होती.

एका रसिकाने दुसऱ्याला ‘हे ऐकाच’ असे सांगणे, ही शास्त्रीय संगीताच्या इतिहासातील मोठी शक्ती आहे. सनदा, दरबार आणि पदव्या यांच्या नोंदी राहतात, हिची राहत नाही. केसरबाईंच्या बाबतीत मात्र ती नोंद राहिली, कारण समितीच्या सदस्यांनी १९७८ मध्ये ‘मर्मर्स ऑफ अर्थ’ या पुस्तकात निवडीची हकीकत लिहून ठेवली.

पण ज्या गायिकेचे विलंबित ख्याल ऐकायला जाणकार दूरवरून येत, तिची ओळख साडेतीन मिनिटांच्या भैरवीवर का यावी? यासाठी पंचाहत्तर वर्षे मागे जावे लागते.

१९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात गाणी टिपत होता. गौहर जान गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव पुकारीत असे. आजच्या श्रोत्याला तो नखरा वाटतो. त्यामागचे कारण अगदी व्यावहारिक होते: तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हर येथे, आणि तेथील कारागिरांना कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव चिकटवायचे, हे त्यावरून समजे.

तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने भल्यामोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी बसायचे, हलायचे नाही, आणि सुमारे तीन मिनिटांत सारे आटोपायचे. तासभर एका रागाची बढत करणाऱ्या खाँसाहेबांना हा अपमान वाटला, तर नवल नव्हे. विद्या चोरीला जाईल ही भीतीही होतीच. त्यामुळे आरंभीच्या तबकड्यांवर आवाज अधिक आढळतो तो कलावंत घराण्यांतील स्त्रियांचा. ज्यांना समाजाने प्रतिष्ठा नाकारली, त्यांनीच हे यंत्र आधी आपलेसे केले. संकोच करणाऱ्या उस्तादांपेक्षा त्यांना काळाची चाहूल अधिक चांगली लागली होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

या संकोचाची किंमत मोठी होती. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये वारले. ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना चाली देणारे, पुण्यात भारत गायन समाज स्थापन करणारे, तीन घराण्यांची तालीम पचवलेले हे गवई. त्यांचा आवाज कोणत्याही तबकडीवर नाही. अल्लादिया खाँसाहेब तर १९४६ पर्यंत हयात होते. चाळीस वर्षे ध्वनिमुद्रणाची सोय दाराशी असूनही त्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागे राहिली नाही.

मग त्यांचे गाणे कसे होते, हे आज कशावरून सांगायचे? साधने दोनच. पहिले, रसिकांनी लिहून ठेवलेले शब्द. गोविंदराव टेंबे यांनी ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) मध्ये या गवयांच्या मैफलींविषयी लिहिले. टेंबे स्वतः हार्मोनियमवादक. त्यांनी ते गाणे हाताच्या अंतरावरून ऐकलेले होते. पुढे बी. आर. देवधरांचे ‘थोर संगीतकार’ आणि वामनराव देशपांड्यांचे ‘घरंदाज गायकी’ आले. ही पुस्तके आठवणींची, आस्वादाची आणि क्वचित पक्षपाताचीही आहेत. तरी ज्या आवाजाची तबकडीच नाही, त्याच्यापुरता ऐकणाऱ्याचा शब्द हाच मुद्रित पुरावा ठरतो.

दुसरे साधन म्हणजे शिष्यांच्या तबकड्या. येथे केसरबाईंचे महत्त्व कळते. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने, नंतर रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा अशी तुटक तालीम घेतल्यावर १९२१ मध्ये त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या गंडाबंद शिष्या झाल्या. वय तिशीला टेकलेले. पुढे खाँसाहेबांच्या अखेरीपर्यंत हा संबंध राहिला. मोगूबाई कुर्डीकरांच्या आणि केसरबाईंच्या तबकड्या संग्राहक इतक्या जिवापाड का जपतात, याचे उत्तर यात आहे. त्या ऐकताना कान दोन माणसांना शोधत असतो: गाणाऱ्या बाई, आणि त्यांच्यामागचा तो कधीच मुद्रित न झालेला गुरू.

केसरबाईंच्या व्यावसायिक ध्वनिमुद्रणांचा मुख्य भाग ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा. मालकंस, ललत, तोडी, नट-कामोद, कुकुभ बिलावल, दुर्गा. राग मोठे, वेळ तीन मिनिटे. मैफलीत ज्या संथ, अखंड आकारासाठी त्यांची ख्याती होती, त्याला येथे पाय पसरायला जागा नाही. लय चढी, अस्ताई-अंतरा झटपट, आणि मग तानांची वीण. तरीही एक गोष्ट तबकडीच्या खरखरीतूनही निसटत नाही. आवाज मंद्रापासून तारापर्यंत सारख्याच वजनाचा राहतो. कोठे बारीक होत नाही, कोठे फुटत नाही. आणि तान कितीही वक्र असली तरी ती मात्रेच्या आत पक्की बसलेली असते.

ज्यांनी बाईंना प्रत्यक्ष ऐकले, त्या पिढीला या तबकड्या पुऱ्या पडत नसत. ज्यांनी फक्त तबकड्याच ऐकल्या, त्यांना ती तक्रार कळत नसे. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या. पण पहिली पिढी आता जवळजवळ संपली, आणि वादाला एकच पक्ष उरला. काही मोजक्या मैफलींची खाजगी मुद्रणे रसिकांच्या हातून हाती फिरत राहिली. ती मिळाली की दीर्घ ख्यालातल्या केसरबाई थोड्या दिसतात. बाईंनी शिष्याही फारशा केल्या नाहीत. धोंडूताई कुलकर्णी हे त्यातले ठळक नाव.

संग्राहकांच्या या जगाला संस्थेचे रूप आले १९९० मध्ये, मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली तेव्हा. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचे नियतकालिक. जुन्या तबकड्या मिळून ऐकणे, लेबलांवरील क्रमांक जुळवणे, गायकांची सूची करणे, असे हे काम. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय मुद्रणांची सूची १९९४ मध्ये ग्रंथरूपाने दिली. इतिहासलेखनाच्या दृष्टीने हे काम शिलालेखांच्या वाचनाहून कमी प्रतीचे नाही. तबकडीच्या मध्यभागाजवळ कोरलेला आकडा पुष्कळदा लेबलापेक्षा अधिक खरे बोलतो.

अशा बैठकींतला एक वाद फार जुना आहे. तबकडी कोणत्या वेगाने फिरवायची? ‘७८’ हा आकडा पुढे रूढ झाला. आरंभीच्या काळात मुद्रणाचा वेग यंत्रागणिक आणि दिवसागणिक बदले. वेग थोडा वाढवला की काळी चारचा गवई काळी पाचचा होतो आणि तानही अधिक चपळ भासते. एखाद्या गवयाच्या ‘विलक्षण उंच’ स्वराची कीर्ती मुळात मोटरच्या चुकीवर उभी असू शकते. म्हणून जाणते संग्राहक अभिप्राय देण्यापूर्वी आधी षड्ज कोठे आहे, ते तपासतात.

पुन्हा १९७७. सुवर्ण तबकडीवर २७ संगीतरचना गेल्या: बाख, बेथोव्हन, चक बेरी, चीनचे गुचिन वादन. केसरबाईंची भैरवी शेवटून तिसरी आहे. ज्यांना मैफलीचा रिवाज ठाऊक आहे, त्यांना भैरवी अखेरीजवळ आल्याचे पाहून बरे वाटेल. समितीच्या मनात तसे काही असल्याचे मात्र दिसत नाही. त्याच तबकडीवर ५५ भाषांतील अभिवादने आहेत आणि त्यांत मराठीही आहे.

‘व्हॉयेजर १’चे उड्डाण झाले ५ सप्टेंबर १९७७ रोजी. केसरबाई मुंबईत वारल्या १६ सप्टेंबरला, अकरा दिवसांनी. गाणे त्यांनी त्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी थांबवले होते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ते यान आंतरतारकीय अवकाशात शिरले.

तबकडीच्या आवरणावर सुई कोठे ठेवायची, हे चित्रात दाखवले आहे. एका फेरीला लागणारा ३.६ सेकंदांचा काळही तेथे कोरला आहे, आणि तो मोजण्यासाठी हायड्रोजन अणूच्या स्थित्यंतराचा काळ हे एकक दिले आहे. केसरबाईंचा षड्ज नेमका कोठे लागतो, यावर निदान तिकडे तरी वाद होण्याचे कारण नाही.