आळंदीचा शोकसोहळा

शके 1218च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस, म्हणजे इसवी सन 1296मध्ये, इंद्रायणीच्या काठी सिद्धेश्वरासन्निध ज्ञानदेवांनी संजीवन समाधी घेतली, त्या प्रसंगी संतमेळ्यावर जो शोक कोसळला त्याचे वर्णन नामदेवांच्या नावावरील समाधीच्या अभंगांत आले आहे; आणि माझ्या मते त्या अभंगांचे खरे मोल असे की, ब्रह्मज्ञानाचा अधिकार असलेल्या निवृत्तिनाथांसही धाकट्या भावाच्या वियोगाने व्याकुळ होण्याची मोकळीक तेथे आहे. पुढे महिन्याभरात सासवडास सोपानदेवांनी समाधी घेतली आणि वर्ष सरण्यापूर्वी मुक्ताबाई व निवृत्तिनाथही गेले.

हा शोक वार्षिक रिवाजात कसा रुजला, हे पाहण्यासारखे आहे. शिंद्यांच्या पदरची सरदारकी सोडून आळंदीस राहिलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माउलींच्या पालखीस घोडे, दिंड्या आणि मुक्काम यांची लष्करी शिस्त लावून दिली. महाद्वारातील त्यांच्या पायरीचे पूजन होऊन कार्तिकी सोहळ्यास प्रारंभ होतो. त्रयोदशीस नामदेवांच्या वंशपरंपरेतील नामदास महाराज समाधिप्रसंगाचे कीर्तन करतात, तेव्हा सात शतकांपूर्वीचा तो वियोग आपल्याच घरी आज घडला असावा तसे श्रोते रडतात. मध्यान्हीच्या सुमारास घंटानाद होतो आणि समाधीवर पुष्पवृष्टी केली जाते.