करंजी, कानवला, घूघरा : एका मुरडीचा इतिहास

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील खापर हे गाव गुजरातच्या सीमेपासून फार दूर नाही. १ मे १९६० रोजी भाषेच्या तत्त्वावर दोन राज्ये निराळी झाली. तथापि वसावीसारखी भिली बोली सीमेच्या दोन्ही अंगांस बोलली जाते, आणि मराठी व गुजराती यांचा शेजार येथे नित्याचा आहे. अशा प्रदेशात खाद्यपदार्थांची नावे अभ्यासकास पुष्कळ सांगून जातात. प्रस्तुत टिपणात सारण भरून दुमडलेल्या व कडेने मिटविलेल्या गोड पदार्थाच्या नावांचा विचार केला आहे.

मराठीत त्याचे रूढ नाव करंजी. करंज वृक्षाची शेंग चपटी व फुगीर असते. तिच्याशी असलेले आकारसाम्य या नावात सहज दिसते. कन्नडमध्ये करजिकायी, तेलुगूमध्ये कज्जिकाय अशी रूपे आहेत. त्यांतील उत्तरपदाचा अर्थ कच्चे फळ असा होतो. म्हणजे आत खोबरे असो, खसखस असो वा रवा असो, नाव मात्र फळाचे! गुजरातीत यालाच घूघरा म्हणतात. तेथे खुळखुळ्याची आठवण आहे. कानवला या मराठी नावात कान ऐकू येतो. केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये हे खरे. परंतु संस्कृतातील शष्कुली हा शब्द तळलेल्या खाद्यविशेषाचा वाचक असून कानाच्या पाळीलाही कर्णशष्कुली म्हणतात, हे येथे ध्यानात घ्यावे. पक्वान्न आणि कान यांची ही सांगड प्राचीन आहे.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकासही हाच प्रकार आढळतो. अमिश पंथाचा उगम १६९३ च्या सुमारास युरोपात झाला. अठराव्या शतकात त्याचे अनुयायी अमेरिकेतील पेन्सिल्व्हानियात येऊन स्थायिक झाले. त्यांच्यात वाळविलेल्या सफरचंदाच्या फोडी शिजवून त्यांचे सारण मैद्याच्या पारीत भरतात, पारी दुमडतात आणि भट्टीत भाजतात. वरून साखरेचा पातळ लेप देण्याचीही रीत आहे. या पदार्थाचे तेथील नाव ‘अर्धचंद्र’ अशा अर्थाचे आहे. फोडींना ते श्निट्स म्हणतात, व तो शब्द त्यांच्या जर्मन बोलीतला आहे. दोन्हीकडे पदार्थ आकारावरून ओळखला गेला.

कृतीत मात्र भेद आहे. आपल्या घरांत भट्टी नव्हती. म्हणून करंजी तुपातेलात तळली गेली. खानदेशात सारण भरून भाजण्याचा मान पुरणपोळीकडे राहिला. ती चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर भाजतात. गावाचे व या भांड्याचे नाव एकच आहे. पण एवढ्यावरून गावाच्या नावाची उपपत्ती सांगणे धाडसाचे होईल.

या सर्व प्रकारांत कसोटीची जागा एकच, ती म्हणजे कड. ती उकलली तर सारण बाहेर येते व तूप नासते. म्हणून कातणाने कड कापतात, अथवा बोटांनी तिला घडीवर घडी घालीत नेतात. या दुसऱ्या क्रियेस मराठीत मुरड घालणे म्हणतात. गुजरातीत तीच कांगरी. त्या भाषेला तेथे तटाचे कंगोरे दिसले. मराठीला मात्र वळणे दिसले, आणि त्यातून एक आचार निर्माण झाला. गौरींची पाठवणी करताना मुरडीच्या कानवल्यांचा नैवेद्य अनेक घरांत असतो. जाणारीने मुरडून पुन्हा यावे, ही त्यामागील भावना. येथे क्रियापदच नैवेद्य झाले आहे.

आता साच्याने करंज्या करण्याची पद्धत बरीच रूढ झाली आहे. साचा कड नीट दाबतो, श्रमही वाचवितो. त्यास दोष देण्याचे कारण नाही. परंतु त्यात मुरड नसते. करंजी हे नाव दुकानाच्या पाटीवर टिकेल. मुरड हा शब्द हाताबरोबर जाईल, आणि मग त्या नैवेद्याचा अर्थ कोणास समजावा? म्हणून सीमाभागात शब्दसंग्रह करणाराने पदार्थाचे नाव टिपून थांबू नये. कडेला काय म्हणतात, ती कोण व कशी वळते, हेही विचारावे. नाम पुष्कळदा कोशात सापडते. क्रियापदासाठी मात्र स्वयंपाकघरातच जावे लागते.