तणाव ‘निवळला’ म्हणजे नेमकं काय झालं? हाँगकाँग, १९६७ नंतर

इतिहासावर लिहिताना एक वाक्य आपल्या हातून सहज उतरतं: ‘दंगलीनंतर सरकारने सुधारणा केल्या आणि तणाव निवळला.’ वाचायला बरं वाटतं. पण गाईडने विचारलं, ‘निवळला हे कशावरून? आणि सुधारणांमुळेच निवळला हे कशावरून?’ तर काय सांगाल? ब्रिटिश हाँगकाँगचं उदाहरण घेऊन हे वाक्य जरा उकलून बघू.

मे १९६७ मध्ये तिथल्या प्लास्टिक फुलांच्या एका कारखान्यात कामगार आणि मालकांचा वाद पेटला. शेजारी चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती जोरात होती. स्थानिक कम्युनिस्ट वादात उतरले. आधी मोर्चे आणि संप झाले, मग रस्त्यांवर बॉम्ब ठेवले जाऊ लागले. सरकारने आणीबाणीचे कायदे वापरले, धरपकड केली. एकूण ५१ माणसं मेली.

आता पहिला प्रश्न: निवळला हे कशावरून? यासाठी मोजता येतील अशा खुणा शोधा.

पहिली खूण बॉम्बची. १९६७ संपता संपता ते थांबले. दुसरी पाण्याची. करारानुसार चीनकडून येणारं पाणी १ ऑक्टोबर १९६७ ला पुन्हा सुरू झालं, म्हणजे बॉम्ब पूर्ण थांबण्याआधीच! तिसरी पत्रकारांची. हाँगकाँगने कम्युनिस्ट पत्रकार तुरुंगात टाकले, म्हणून चीनने रॉयटर्सचे अँथनी ग्रे यांना जुलै १९६७ पासून पेकिंगमध्ये नजरकैदेत ठेवलं. त्यांची सुटका ऑक्टोबर १९६९ मध्ये झाली, तीही हाँगकाँगमधले ते पत्रकार सुटल्यावर. चौथी खूण उरलेल्या कैद्यांची. तो प्रश्न १९७१ मध्ये आलेले गव्हर्नर मॅक्लेहोस यांच्या काळापर्यंत रेंगाळला. मार्च १९७२ मध्ये ब्रिटन आणि चीनने एकमेकांकडे राजदूत नेमायचं ठरवलं.

म्हणजे ‘निवळणं’ ही एक तारीख नाही. चार खुणा, चार वेगळी वेळापत्रकं.

दुसरा प्रश्न: कशामुळे? १९६८ मध्ये लोकांचं गाऱ्हाणं ऐकायला जिल्हानिहाय अधिकारी नेमले गेले, नोकरीविषयक नवा कायदा आला. ‘१९६७ मुळे’ असं लिहायचा मोह होतो. पण फेरीच्या भाडेवाढीवरून १९६६ मध्येच दंगल झाली होती, आणि सरकार व जनता यांच्यातल्या दरीकडे तिच्या चौकशीत बोट दाखवलं गेलं होतं. १९७४ च्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाचं श्रेयही कधी कधी १९६७ ला दिलं जातं. त्याला तातडीचं निमित्त होतं ते पीटर गॉडबर हा बडा पोलीस अधिकारी १९७३ मध्ये चौकशी चालू असताना पळून गेला, ते. ‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांत फरक आहे. आम्ही सायन्सवाले कंट्रोल ग्रुप लावतो. इतिहासात तो मिळत नाही, म्हणून आधीचा कागद आणि मधली घटना शोधावी लागते.

आणखी एक गोष्ट बघा: सरकारने काय केलं नाही? तीन छोटी डावी वृत्तपत्रं बंद केली, पण ‘वेन वेई पो’ आणि ‘ता कुंग पाओ’ ही मोठी चालू ठेवली. डाव्या संघटना सरसकट मोडल्या नाहीत. चीनला पुरतं डिवचायचं नव्हतं. न केलेली कृती हाही पुरावा असतो, फक्त तो मुद्दाम शोधावा लागतो.

आणि शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड: निवळला तो कुणासाठी? तुरुंगात गेलेल्यांत शाळकरी पोरंही होती. लंडन आणि पेकिंगचं जुळलं, पण त्यांच्या नावावरची शिक्षेची नोंद पुढची अनेक दशकं तशीच राहिली. तुमच्या प्रबंधात ‘तणाव निवळला’ असं लिहाल तेव्हा त्या वाक्यात ही पोरं कुठे बसतात, ते आधी ठरवा. मग पूर्णविराम द्या.