दहा कसोट्या आणि दोनशे कसोट्या

शेवटी प्रश्नांसाठी वेळ ठेवायचाय, म्हणून थेट फळ्याकडे वळतो. चार सरासऱ्या लिहिल्या आहेत : 54.20, 53.78, 51.12 आणि 47.72. दुसरी सचिनची, तिसरी गावसकरांची, हे बऱ्याच जणांनी ओळखलेलं दिसतंय. चौथी विजय मर्चंट यांची. आणि पहिली, सगळ्यांत वरची? विनोद कांबळीची.

हसू नका, आकडा खरा आहे. 17 कसोट्या, 21 डाव, 1084 धावा. 1993 मध्ये मुंबईला इंग्लंडविरुद्ध 224, आणि लगेच पुढच्या कसोटीत दिल्लीला झिम्बाब्वेविरुद्ध 227. पण म्हणून कांबळी सचिनपेक्षा मोठा, असं इथं कोणीही म्हणणार नाही. का म्हणणार नाही, हे मात्र नीट सांगता आलं पाहिजे. नुसतं ‘तो लवकर संपला’ म्हणून भागत नाही.

सरासरी म्हणजे एकूण धावा भागिले किती वेळा बाद झाला, एवढंच. कांबळी 20 वेळा बाद झाला, सचिन 296 वेळा. समजा दोघांनाही आणखी एकेक डाव दिला आणि दोघांनीही भोपळा काढला. कांबळीची सरासरी 54.20 वरून 51.62 वर येते, म्हणजे अडीचपेक्षा जास्त घसरते. सचिनची 53.78 वरून 53.61 वर. एका भोपळ्यानं जो आकडा गावसकरांच्या शेजारी येऊन बसतो, त्याच्यावर कोणाचं मोठेपण किती ठरवायचं?

आता दुसरी बाजू बघा. लांब कारकिर्दीला उतार असतो, आणि तो आकड्यात कायमचा मुरतो. जानेवारी 2011 मध्ये सचिननं केपटाऊनला 51 वं शतक केलं. त्या वेळी 177 कसोट्या झाल्या होत्या आणि सरासरी होती 56.94. पुढच्या 23 कसोट्यांत एकही शतक नाही, आणि धावा साधारण 32 च्या सरासरीनं. तिथंच थांबला असता, तर आज फळ्यावर तोच पहिला असता. गावसकरांचं उलट. 1987 मध्ये बंगळूरला, चेंडू हातभर वळत होता अशा खेळपट्टीवर, पाकिस्तानविरुद्ध शेवटच्या डावात 96. सामना 16 धावांनी गेला आणि गावसकर पुन्हा कसोटी खेळले नाहीत. उतार त्यांनी दिसूच दिला नाही.

इथपर्यंतचं गणित शाळेतल्या मुलालाही जमेल. मला खरं बोलायचंय ते मर्चंटांबद्दल. कारण ‘दहाच कसोट्या’ म्हणून त्यांचं नाव यादीतून खोडलं जातं, आणि ते खोडताना आपण कारकिर्दीची लांबी कशात मोजतो, हा प्रश्नच विचारला जात नाही.

मर्चंटांची पहिली कसोटी डिसेंबर 1933 ची, शेवटची नोव्हेंबर 1951 ची. जवळजवळ अठरा वर्षं! गावसकरांची कारकीर्द 1971 ते 1987, म्हणजे सोळा. वर्षांत मोजलं तर मर्चंट गावसकरांपेक्षा जास्त टिकले. मग कसोट्या दहाच का? कारण 1933 पासून 1946 पर्यंत भारत खेळलाच नऊ कसोट्या, आणि त्या नऊच्या नऊ मर्चंट खेळले. 1936 नंतर दहा वर्षं भारताची एकही कसोटी नाही, त्यातली बरीचशी युद्धात गेली. मर्चंट तेव्हा पंचविशीपासून पस्तिशीपर्यंतच्या वयात. सचिननं त्या वयात किती धावा केल्या, ते आठवून बघा. पुढं ऑस्ट्रेलियाचा दौरा आणि वेस्ट इंडिजविरुद्धची मालिका त्यांची प्रकृतीमुळं हुकली, ते वेगळं. पण आधीची दहा वर्षं त्यांच्याकडून क्रिकेटनं काढून घेतली, हे कबूल करायला हवं.

मग त्यांची 47.72 ही सरासरी घेऊन आपण त्यांना गावसकरांशेजारी उभं करायचं का? माझ्या मते नाही. अठराच डाव, आणि सगळे इंग्लंडविरुद्ध. शेवटच्या डावात, वयाच्या चाळिशीत, दिल्लीला त्यांनी 154 केल्या. तो एक डाव काढला तर सरासरी 41.47 होते. म्हणजे कांबळीच्या आकड्याबद्दल जो आक्षेप, तोच इथंही. आपल्याला आवडणाऱ्या माणसासाठी नियम बदलता येत नाही.

पण मर्चंटांकडे दुसरा, भक्कम पुरावा आहे. प्रथम श्रेणीत 13470 धावा, सरासरी 71.64. तिथं ते 188 वेळा बाद झाले, त्यामुळं एखाद्या भोपळ्यानं तो आकडा हलत नाही. त्यांच्या वर ब्रॅडमन, बस्स. इथल्या गोल्फ क्लब मैदानावर रणजी सामने पाहिलेले लोक समोर बसलेत, त्यांना देशी क्रिकेटच्या धावांची किंमत मी सांगायला नको. तरी ब्रेबॉर्नवरच्या धावांना थोडं मीठ लावूनच घ्यावं लागतं. 1943 च्या पंचरंगी अंतिम सामन्यात हिंदूंकडून मर्चंट नाबाद 250. उत्तरादाखल दुसऱ्या डावात ‘रेस्ट’च्या 387 पैकी एकट्या विजय हजारेंच्या 309! हजारेंचे भाऊ विवेक यांनी दुसरं टोक धरलं, तीनशेच्या भागीदारीत त्यांच्या धावा 21. त्याच मोसमात मर्चंटांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद 359 केल्या. गोलंदाजांची दया यावी अशा खेळपट्ट्या होत्या.

म्हणून मी इंग्लंडचे दोन दौरे बघतो. 1936 मध्ये तिथं 1745 धावा, सरासरी 51 च्या वर. मँचेस्टरला मुश्ताक अलींबरोबर 203 ची सलामी, त्यात मर्चंटांच्या 114. दहा वर्षांनी, पावसाळी उन्हाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर 2385 धावा, सरासरी 74.53. वय चौतीस. परक्या देशात, नव्या चेंडूसमोर, दहा वर्षांच्या अंतरानं माणूस आणखी चांगला खेळतोय. माझ्या यादीत ते गावसकरांच्या लगेच मागं आहेत, आणि कांबळीच्या बरेच पुढं. कांबळीच्या सतरा कसोट्या तीन वर्षांत आटोपल्या. मर्चंटांच्या दहा कसोट्यांत बाविशीतला पोरगाही आहे आणि चाळिशीतला गृहस्थही.

आणि हजारे? 30 कसोट्या, 47.65. मर्चंटांपेक्षा सात शतांश कमी. पहिली कसोटी मिळाली तेव्हा वय एकतीस. 1948 च्या जानेवारीत ॲडलेडला, समोर लिंडवॉल आणि मिलर असताना, 116 आणि 145. दुसऱ्या डावात संघाच्या 277 पैकी त्या 145. पुढं 1953 च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात बॅट चालली नाही आणि सरासरी खाली आली. मर्चंट त्या दौऱ्यावर नव्हतेच. दिल्लीतल्या त्या 154 नंतर क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या खांद्याला दुखापत झाली आणि तिथंच ते थांबले. त्याच सामन्यात दुसऱ्या टोकाला हजारे नाबाद 164 होते. भागीदारी 211 ची. तो खांदा दुखावला नसता, तर सात शतांशांचा हा फरक कोणाच्या बाजूनं राहिला असता, सांगता येत नाही.

एक नाव फळ्यावर लिहिलेलंच नाही, कारण त्यांच्यापुढं लिहायला आकडा नाही. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर 1948, पुणे, काठियावाडविरुद्ध नाबाद 443. ब्रॅडमनच्या 452 च्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना, मधल्या सुट्टीत काठियावाडच्या कर्णधारानं सामनाच सोडून दिला. निंबाळकर कसोटी एकही खेळले नाहीत. त्यांच्याबद्दल कोणाला विचारायचं असेल, तर तिथूनच प्रश्नांना सुरुवात करू.